न थांबणारी आरती

मालनताईंनी लेकीचं मनगट सोडलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं मनगट धरून कोणी चालत नाही, हे मालनताईंनाही कळत होतं. पण त्यांना अनुभव होता. अनोळखी जागी समीक्षाला मोकळं सोडलं, की थोड्याच वेळात ती कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या पाठीमागे सापडायची. कळव्याला मामेबहिणीच्या लग्नात इकडे अक्षता पडत होत्या आणि तिकडे करवली नव्या घागऱ्यासकट आइस्क्रीमच्या मशीनखाली आडवी झाली होती. "एवढं थंड करतंय, मग गरम हवा सोडतंय कुठून, ते बघत होती," असं तिचं म्हणणं. घराजवळच्या, कोपर गावातल्या किराणावाल्यानं तर नियमच केला होता: समीक्षा दुकानाची पायरी चढली, की वजनकाट्यावर फडकं टाकायचं.

"आज तरी कशाला हात लावू नको हां," मालनताईंनी रिक्षातच बजावलं होतं. "ती माणसं तुझी फी भरतात."

"मी हात कुठे लावते, मम्मी? मी फक्त बघते."

"तू बघतेस ते हातानंच बघतेस."

ती माणसं म्हणजे वर्तकनगरातला एक ज्येष्ठ नागरिक संघ. संघाच्या शिष्यवृत्तीवर समीक्षाची इलेक्ट्रिकलची दोन वर्षं निघाली होती. आज वार्षिक कार्यक्रम, आणि कार्यक्रम झाला की समिती तिला आत बोलावून तिसऱ्या वर्षाचं ठरवणार होती. मार्कांची काळजी नव्हती. काळजी होती ती कार्यवाह गुरुदत्त वैद्य यांची. वैद्यकाका शिस्तीचे. शिष्यवृत्तीचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ, आणि त्यातला 'विद्यार्थिनीचे वर्तन समाधानकारक असावे' हा तर ते फोन ठेवतानासुद्धा म्हणायचे. शिष्यवृत्ती बंद झाली तर पुढं काय, असं समीक्षानं एकदा पप्पांना विचारलं होतं. पप्पा म्हणाले होते, "बघू." आणि पप्पांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

तर मायलेकी हॉलवर लवकर पोचल्या. स्टेजवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फ्लेक्स ताणून बांधलेला होता. त्यावर प्रमुख पाहुणे प्रफुल्लशेठ यांचा हात जोडलेला फोटो इतका मोठा होता, की संघाचं नाव त्यांच्या खांद्यावर बसवावं लागलं होतं. म्हातारी मंडळी एकेक करून येऊन खुर्च्या धरत होती. आत स्वयंपाकघरात वड्यांचा घाणा चालू होता आणि वडे तळणाऱ्या बायकांपैकी एकीच्या हाताला भाजलं होतं. मालनताई कोपरला पोळीभाजी केंद्रात कामाला. दुसऱ्याच्या कढईतलं तेल नुसतं तापताना बघणं त्यांच्यानं होईना. "इथंच बस, हलू नकोस," असं म्हणून त्यांनी लेकीचं मनगट सोडलं आणि पदर खोचून आत गेल्या.

समीक्षा बसली. खरोखर बसली. पण जिथं बसली, त्याच्या शेजारीच संघाचं छोटं गणपतीचं देवघर होतं, आणि देवघराच्या बाजूला लोखंडी स्टँडवर आरतीचं मशीन होतं.

वर एक नगारा, त्याच्या बाजूला दोन झांजा, मध्ये पितळेची घंटा. बटन दाबलं की सगळं आपोआप वाजतं. देवळात तिनं हे मशीन लांबून पुष्कळदा पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही. ती खुर्चीतूनच वाकली. मोटर एकच दिसत होती. मग नगारा वेगळ्या ठेक्यात, झांज वेगळ्या आणि घंटा तिसऱ्याच, हे कसं? एकाच मोटरला तीन ठेके कोणी शिकवले? ती उठली. मागून पाहिलं, तर पत्र्याचं झाकण. झाकणाला चार स्क्रू असायला हवेत, त्यातले दोनच होते, आणि तेही बोटानं फिरतील इतके सैल. म्हणजे झाकणाचीच उघडायची इच्छा होती, म्हणा ना.

तरी तिनं हातानं नाही काढले स्क्रू. आईला शब्द दिला होता. पर्समधला टेस्टर वापरला.

आत बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की समोरून येणाऱ्या एका आजोबांना वाटलं, पोरीला देव दिसला. आत एक लोखंडी दांडा होता आणि दांड्यावर जागोजागी उंचवटे होते. दांडा फिरला, की उंचवटा हातोडीला उचलणार, उंचवटा सरला की हातोडी धाडकन पडणार. नगाऱ्याच्या हातोडीखाली उंचवटे जास्त, घंटेखाली एकच. बास! एवढंच! ठेका मोटरमध्ये नव्हताच, तो दांड्यावर कोरून ठेवलेला होता.

आता एवढं कळल्यावर ते फिरताना न बघता कोण परत खुर्चीत जाऊन बसेल? समीक्षानं इकडेतिकडे पाहिलं. एकदाच. लगेच बंद. तिनं बटन दाबलं.

ढम ढम छन, ढम ढम टण्ण!

काय सुंदर फिरत होता तो दांडा! तिनं मन भरून पाहिलं आणि बंद करायला पुन्हा बटन दाबलं. बटन आत गेलं. आतच गेलं. बाहेर आलंच नाही. आणि मशीन वाजतच राहिलं.

हॉलमधले सगळे दचकले. मग ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आरती सुरू झालीये हे लक्षात येताच भराभर उठून उभे राहिले. चपला खुर्च्यांखाली सरकल्या, टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी निरांजन पेटवलं. एका काकांनी खड्या आवाजात गणपतीची आरती धरली आणि सगळ्या हॉलनं ती उचलली.

वैद्यकाका तेव्हा फाटकाशी पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. आरतीची वेळ संध्याकाळी सातची, आणि बटन दाबण्याचा मान त्यांचा. आज अवेळी, त्यांना न विचारता कोणी दाबलं? ते आत वळणार, तोच प्रफुल्लशेठची गाडी येऊन थांबली.

प्रफुल्लशेठ उतरले. नगारा ऐकला आणि त्यांना भरून आलं. "अरे वैद्यसाहेब, हे एवढं कशाला? आपण साधा माणूस." असं म्हणत, हात जोडून, नगाऱ्याच्या तालावर एकेक पाऊल टाकत ते वरातीतल्या नवऱ्यासारखे आत शिरले. आत सगळा हॉल त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. शेठचे जोडलेले हात तसेच राहिले. मग त्यांनी ते शहाणपणानं टाळ्यांकडे वळवले.

गणपतीची आरती संपली. मशीन थांबेना. मशीन चालू असताना आपण थांबायचं म्हणजे देवापुढं बरं दिसत नाही. एका आजींनी शंकराची आरती धरली. ती संपली, देवीची झाली. वैद्यकाका गर्दीतून वाट काढत मशीनपाशी पोचले. तिथं समीक्षा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, आणि एका मुठीत टेस्टर होता.

"समीक्षा, हे कोणी लावलं? बंद कर आधी."

"होत नाहीये काका. बटन आत गेलंय."

"मग प्लग काढ!"

"प्लग नाहीये. वायर सरळ भिंतीत गेलीय."

वैद्यकाकांनी भिंतीकडे पाहिलं. वायर भिंतीत त्यांनीच घालून घेतली होती. संघातली मंडळी मशीनचा प्लग काढून तिथं मोबाईल चार्जिंगला लावायची, म्हणून.

"ठीक आहे," ते म्हणाले, "मी मेन स्विच बंद करून येतो." आणि विठ्ठलाची आरती चालू असताना ते जिन्याखालच्या मीटरकडे गेले.

हॉलमधले दिवे गेले. पंखे गरगर करत मंदावले आणि थांबले. स्टेजवरच्या माइकचा लाल ठिपका विझला. आणि मशीन, पंख्यांची घरघर गेल्यामुळे, आधीपेक्षा दुप्पट मोठ्यानं ऐकू यायला लागलं.

ढम ढम छन, ढम ढम टण्ण!

"लाईट गेली तरी चालू आहे!" कोणीतरी पुटपुटलं. ते वाक्य रांगेरांगेनं मागं गेलं आणि मागच्या रांगेत पोचेपर्यंत त्याचा चमत्कार झाला होता. एका आजोबांनी तिथल्या तिथं लोटांगण घातलं. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना उठवायला चौघे लागले. आरतीचं ताट प्रफुल्लशेठच्या हातात आलं. शेठ ते ओवाळत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते घामाचं की डोळ्यांचं हे सांगता येत नव्हतं.

वैद्यकाका विजयी चेहऱ्यानं परत आले आणि दारातच थबकले. समीक्षा त्यांच्याकडे धावली.

"काका, हे इन्व्हर्टरवर आहे का?"

वैद्यकाकांनी मान खाली घातली. "आहे. मागे एकदा ऐन आरतीत लाईट गेली होती, म्हणून मीच घेतलं."

"आणि पंखे?"

"पंखे नाही घेतले. पंखे बंद पडले तर चालतात. आरती खंडित होऊ नये."

"मग नाहीच होणार," समीक्षा म्हणाली. असला प्रसंग असूनही तिला ते जरा आवडलंच होतं. "बॅटरी किती जुनी आहे?"

"नवी कोरी आहे!" वैद्यकाका जवळजवळ रडवेले होऊन म्हणाले.

दत्ताची आरतीही संपली होती. आता सगळ्यांना येणाऱ्या आरत्या संपत आल्या होत्या, आणि ज्या काहींनाच येतात त्या सुरू झाल्या होत्या. ज्यांना शब्द येत नव्हते ते शेवटचं अक्षर तेवढं जोरात म्हणत होते. टाळ्यांनी हात लाल झाले, पण पहिला थांबणार कोण? इन्व्हर्टर स्टेजच्या मागच्या कोनाड्यात होता. कोनाड्यापुढं फ्लेक्स, फ्लेक्सपुढं पाहुण्यांच्या खुर्च्या आणि टेबल.

"मी जाते," समीक्षा म्हणाली. "फक्त मेन परत चालू करू नका. केलात तर काही उपयोग नाही."

ती स्टेजच्या कडेनं फ्लेक्सच्या मागं शिरली. मागं जेमतेम एक माणूस आडवा सरकेल एवढी जागा. समीक्षा सरकू लागली तसा पुढच्या बाजूनं प्रफुल्लशेठचा डावा कान फुगला. मग गाल फुगला. मग नाक हळूहळू लांब होत पुढं आलं, क्षणभर थांबलं आणि आत गेलं. हॉलची पाठ स्टेजकडे असल्यामुळे हे कोणालाच दिसलं नाही. दिसलं ते फक्त मालनताईंना. वड्यांचं ताट घेऊन त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तर फ्लेक्सच्या खालून दोन पाय चालत होते. पायांतल्या सँडल त्यांनी स्वतः डोंबिवलीच्या बाजारात घासाघीस करून घेतल्या होत्या.

"अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या आणि ताट घेऊन परत आत गेल्या.

फ्लेक्सच्या मागून टक्क असा आवाज आला. मशीन थांबलं. टाळ्या मात्र थोडा वेळ चालूच राहिल्या, कारण हातांना आता सवय झाली होती. मग त्याही थांबल्या आणि सगळे एकमेकांकडे बघत, गावची जत्रा करून आल्यासारखे खुर्च्यांवर कोसळले.

समीक्षा बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना जळमटं लागली होती. "काका, आता करंट नाहीये तोवर पाच मिनिटं द्या. मशीनची वायर सोडवते, मग मेन चालू करू."

"अजिबात नाही!" वैद्यकाका कडाडले. "आता कशालाही हात लावायचा नाही!"

"पण मग मेन चालू केला की ते परत वाजणार. लाईट किंवा शांतता, दोन्ही नाही मिळणार."

वैद्यकाकांनी शांतता निवडली.

अशा रीतीनं कार्यक्रम सुरू झाला. मे महिना, पंखे बंद, माइक बंद. प्रफुल्लशेठनी खिशातून भाषणाचे कागद काढले. कागदांची ती जाडी बघून पुढच्या रांगेतल्या एकांनी कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं.

"ऐकू येतंय ना सगळ्यांना?" शेठनी विचारलं.

"नाही!" मागून आवाज आला.

"मी म्हणतोय, आज मला अतिशय आनंद..."

"कोण गेलं?" तिसऱ्या रांगेतून एका आजींनी काळजीनं विचारलं.

शेठनी आवाज चढवला. पण सात-आठ आरत्या म्हणून त्यांचा घसा बसला होता, आणि शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी एकदा कागदांकडे पाहिलं, एकदा बंद पंख्याकडे पाहिलं, "मुलींनी शिकलं पाहिजे," असं म्हणून कागद खिशात घातले आणि बसले. टाळ्या इतक्या पडल्या, की शेठ पुन्हा उठून बसले. समीक्षाला बोलावून त्यांनी गुलाबाचं फूल दिलं, "खूप शीक," म्हणाले, आणि तिच्या केसांतलं जळमट मायेनं काढलं. संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच वडे गरम असताना खायला मिळाले.

मग समीक्षाला आत बोलावलं.

संघाच्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर वैद्यकाका, दुसरीवर रंभाआजी. रंभाआजी संघाच्या अध्यक्षा. खाडीकाठच्या गावातल्या, शेतीवाल्या घरातल्या. शिष्यवृत्तीचा मूळ निधी त्यांचाच होता, पण कार्यक्रमात त्या कधी बोलत नसत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळं बघत असत. मालनताई लेकीला घेऊन आत आल्या. या वेळी त्यांनी तिचं मनगट धरलं नव्हतं. आता धरून उपयोग काय?

"मला एकच प्रश्न विचारायचा आहे," वैद्यकाका म्हणाले. "मशीन कोणी चालू केलं?"

कोणी पाहिलं नव्हतं. बटन आपोआप अडकलं, असंही सांगता आलं असतं. तिनं आईकडे पाहिलं. मालनताई जमिनीकडे बघत होत्या.

"मी," ती म्हणाली. "झाकण पण मीच उघडलं. मला कळत नव्हतं, एका मोटरवर तीन वेगळे ठेके कसे येतात. सॉरी काका."

"सॉरी? प्रमुख पाहुण्यांसमोर संघाची काय शोभा झाली? नियमात स्पष्ट आहे, की विद्यार्थिनीचे वर्तन..."

"अहो वैद्य," रंभाआजी पहिल्यांदाच बोलल्या, "ती वायर भिंतीत कोनी पुरली?"

वैद्यकाकांनी घसा साफ केला. "ते... व्यवस्थेचा भाग म्हणून..."

"आना इन्व्हर्टरवर कोनी घातलं?"

वैद्यकाका खिडकीतून बाहेर बघू लागले.

"मंग ऱ्हाऊ द्या वर्तन. पोरीचं तिसरं वर्ष आपुन भरतंव, ते लिवून टाका." रंभाआजींनी काठी उचलली. "इकरं ये गो पोरी. मना दाखव, कसं येतंत ते तीन ठेके."

मालनताईंनी डोळे पुसले आणि नकळत लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "जा," त्या म्हणाल्या. "दाखव आजींना."

हॉलमध्ये मंडळी वडे संपवून पांगली होती. वैद्यकाका वह्या आवरत खोलीतच राहिले. समीक्षानं झाकण काढलं आणि दांडा हातानं हळूहळू फिरवला. उंचवट्यानं हातोडी उचलली, सोडली. ढम. रंभाआजी काठीवर वाकल्या आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"आना हिला?" त्यांनी घंटेकडे बोट केलं.

"हिला एकच उंचवटा. दांड्याची एक फेरी, एक टोला."

"परत फिरव."

समीक्षानं परत फिरवला. मग आजींनी स्वतः फिरवून पाहिला. पुढं, मागं, पुन्हा पुढं. "बाय गं," त्या हसल्या, "कवरी वर्सं झाली, रोज ऐकतंय. वाटायचं बगावं आत काय हाय. पन अध्यक्षीन बाईनं झाकन कसं काढायचं?"

आता करंट नव्हता, म्हणून समीक्षानं अडकलेलं बटन टेस्टरनं उचकटून बाहेर काढलं. ते झिजलं होतं. "हे नवीनच घालावं लागेल, आजी. मी पुढच्या रविवारी येऊन घालून देते. वायर पण भिंतीतून बाहेर काढते."

रंभाआजींनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत वैद्यकाका पाठमोरे होते. आजींनी समीक्षाला काठीनं जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"नवीन घालतंस तं, येक इचारू? ह्या बटनाचं दुसरं बटन लांब नेता येल? म्हंजे माज्या खुर्चीच्या हाताखाली?"

"येईल की. पण कशाला? आरतीच्या वेळी तर वैद्यकाका दाबतातच."

"आरतीला नाय गो," रंभाआजी म्हणाल्या. "पुरल्या महिन्यान वार्षिक सभा हाय. वैद्य उभे ऱ्हाऊन सगला अहवाल वाचतंत. पहिल्या पानापासून."

समीक्षानं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं, आणि मधलं अंतर नजरेनं मोजलं. मग तिनं पर्समध्ये टेस्टर ठेवत हळूच विचारलं,

"वायर दिसली तर चालेल, आजी, की लपवायचीय?"